कान कुणाला द्यायचा?

पत्राचा सारांश: या वाचक ४१ वर्षांच्या आहेत. आयर्लंडमधल्या क्लेअर काउंटीत राहतात आणि रुग्णालयात परिचारिका आहेत. आठवड्यात तीन-चार दिवस बारा-बारा तासांची ड्यूटी असते. लहानपणी सांगलीला गाणं शिकल्या, प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, मग ते सुटलं. त्यांची नऊ वर्षांची मुलगी शाळेत टिन व्हिसल (सहा भोकांची पत्र्याची शिट्टी) शिकते. तिची वाजवण्याची खटपट ऐकून त्यांनाही ती शिकावीशी वाटली. ड्यूटीमुळे दर आठवड्याचा वर्ग जमत नाही, म्हणून सात महिने त्या घरच्या घरी शिकण्याचं साधन शोधत आहेत. एक पुस्तक आणलं, दोन वेबसाइटवर नाव नोंदवून पाहिलं, चाळीसेक व्हिडिओ साठवून ठेवले. एकही धून पूर्ण आलेली नाही. त्या विचारतात: “यातला योग्य कोर्स कोणता? चुकीच्या पद्धतीने हात बसला तर तो पुन्हा सुधारत नाही, असं आमच्या बाई सांगायच्या. मला स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नाही, ते आधी शिकू का? आणि गुरूशिवाय शिकलेलं हे खरं शिकणं म्हणायचं का?”

ताई,

तुमच्या बाईंचं म्हणणं गाण्यापुरतं बरोबर होतं. गळ्याला लागलेली वाईट सवय काढायला वर्षं जातात. पण तोच नियम टिन व्हिसलला लावून तुम्ही सात महिने दाराबाहेर उभ्या आहात, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

बासरीत अर्धी मेहनत ओठांची असते. फुंक कुठून आणि किती तिरपी जायची हे ओठांनी घडवावं लागतं, आणि ते चुकलं तर खरंच पुढे अडतं. टिन व्हिसलच्या तोंडाशी हवेची वाट कारखान्यातच कापलेली असते. तुमच्या वाट्याला सहा भोकं, सहा बोटं आणि फुंकेचा जोर एवढंच उरतं. घरी एकटीने शिकताना लागणाऱ्या वाईट सवयी मला चारच दिसल्या आहेत. एक, शिट्टी घट्ट आवळून धरणं. दोन, बोटाच्या मांसल भागाऐवजी टोकाने भोक झाकणं, त्यामुळे हवा गळते आणि सूर किंचाळतो. तीन, प्रत्येक स्वर जिभेने “तु-तु-तु” असा तोडणं. चार, सगळी धून कागदावरून शिकणं. पहिल्या दोन सवयी आठवड्याभरात सुटतात, तिसरीला महिना-दोन महिने लागतात. चौथी मात्र चिवट आहे, आणि कोर्स निवडताना पाहायचं ते तिच्याकडेच.

मी आयर्लंडच्या गॉलवेमध्ये चार वर्षं होते आणि ही चौथी सवय मला लागली होती. आठ महिने मी एका पुस्तकातून, एकेक स्वर मोजून, धुना बसवल्या. मग एका संध्याकाळी धीर करून एका लहानशा बैठकीत एक जिग (सहा मात्रांची नाचाची धून) वाजवली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या फ्लूटवादकाने फार प्रेमाने विचारलं, ही कुठली धून? ती त्याने जन्मभर वाजवलेली धून होती. माझा एकही स्वर चुकला नव्हता. तरी त्याला ती ओळखता आली नाही, कारण तिच्यातली लय, श्वास, कुठला स्वर लांबवायचा आणि कुठला नुसता हळूच टेकवायचा, यातलं काहीच माझ्या वाजवण्यात नव्हतं. पुस्तकात ते छापलेलं नव्हतं, आणि छापता येतही नाही.

या संगीताचा त्या काळचा सगळ्यात मोठा छापील संग्रह ज्याच्या नावावर आहे त्या फ्रान्सिस ओनीलची गोष्ट मला यासाठी महत्त्वाची वाटते. वेस्ट कॉर्कमध्ये जन्मलेला हा माणूस शिकागोचा पोलीसप्रमुख झाला. तिथल्या आयरिश मंडळींकडून त्याने धुना गोळा केल्या, आणि १९०३ साली १८५० धुनांचं पुस्तक काढलं. त्याच्याकडे धुनांचं भांडार होतं ते कानातून आलेलं. त्या धुना कागदावर उतरवण्याचं काम जेम्स ओनील या दुसऱ्याच माणसाने केलं, दोघांचं नातं काही नव्हतं. म्हणजे स्टाफ नोटेशन आधी शिकू का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर “नको” असं आहे. पुढे वाटलं तर शिका, विसरलेली धून आठवायला त्याचा उपयोग होतो. पण तुमच्याकडे प्रवेशिका पूर्णपर्यंत तयार झालेला कान आहे. सरगम ओळखता येणारा विद्यार्थी या वाद्याकडे येतो तेव्हा त्याची अर्धी वाट आधीच चालून झालेली असते.

हे तुम्हाला आजच तपासून पाहता येईल. मुलीची शिट्टी “डी” पट्टीची असणार, शाळेत तीच देतात. वरची तीन भोकं झाका, खालची तीन मोकळी ठेवा. हा स्वर “जी”. त्याला सा माना. आता आपल्या बासरीचाच हिशेब लागतो: सहाही भोकं झाकली की मंद्र पंचम, सगळी उघडली की तीव्र मध्यम. शुद्ध मध्यमासाठी सगळ्यात वरचं भोक उघडं ठेवून त्याखालची दोन झाकायची. “द केश” नावाची एक जिग आहे, नवशिक्यांना नेहमी शिकवतात आणि बैठकांतही हमखास वाजते. तिची पहिली ओळ अशी:

सा ऽ ऽ सा रे ग । रे ऽ ऽ रे ग प । ध प प सां प प । ध प ग प ग रे

सांगलीच्या वर्गात पहिला राग भूप शिकला असाल तर हे पाचही स्वर तुमच्या ओळखीचे आहेत. निषाद पुढच्या ओळीच्या शेवटी एकदाच येतो. पंचमापासून वरचं सप्तक सुरू होतं. तिथे फुंक थोडी वाढवायची, आणि या पंचमासाठी सगळ्यात वरचं बोट उचलायचं, बाकीची पाच झाकलेली. ते बोट उचलायला बहुतेक जण विसरतात आणि सूर दबका का येतो म्हणून बुचकळ्यात पडतात.

पण ताई, ओळख पटली म्हणून तिला भुपासारखं गाऊ नका. जिगच्या सहा मात्रा दादऱ्यासारख्या तीन-तीन मोजता येतात, तरी चाल दादऱ्याची नाही. तिनातली पहिली मात्रा किंचित लांब, दुसरी आखूड, आणि पुढे झुकणारी. हे नाचाचं संगीत आहे, पाय उचलले गेले पाहिजेत. मींड नको, स्वरावर रेंगाळणं नको. तिथला “कट” म्हणजे वरचं एक बोट क्षणभर उचलून लगेच ठेवणं. तो आपल्याला कणस्वरासारखा वाटतो, पण कणाला स्वतःचा सूर असतो आणि कटचा सूर ऐकूच येऊ नये अशी अपेक्षा असते. तो जिभेचं काम करतो, दोन सारखे स्वर वेगळे करतो. ही चाल कानात शिरायला खरे वाजवणारे ऐकावे लागतात, म्हणूनच मी कान कुणाला द्यायचा याचा एवढा आग्रह धरते.

कोर्स निवडण्याची माझी पद्धत सरळ आहे. शिकवणाऱ्याचा पहिला धडा उघडू नका. त्याने पूर्ण वेगात वाजवलेली एक रील (चार-चारच्या लयीतली नाचाची धून) आणि एक जिग शोधून डोळे मिटून ऐका, आणि आपल्याला असं वाजवावंसं वाटतं का, एवढंच स्वतःला विचारा. उत्तर “हो” आलं तरच धडा उघडा. मग तीन गोष्टी बघा. धून तुकड्या-तुकड्याने ऐकवून, तुमच्याकडून परत म्हणवून घेतो का, की कागद दाखवून पुढे पळतो? श्वास कुठे घ्यायचा हे सांगतो का? (या संगीतात श्वासासाठी थांबायची जागा नसते. एखादा स्वर गाळून त्या जागी श्वास घ्यावा लागतो, आणि कुठला गाळायचा हे शिकवावंच लागतं.) आणि कट, रोल वगैरे अलंकार पहिल्याच आठवड्यात पुढ्यात टाकतो की धून सरळ आल्यावर? पहिल्या आठवड्यात टाकणाऱ्याकडे जाऊ नका, त्याचं वाजवणं कितीही देखणं असो.

आता तुमच्याजवळ जे आहे त्याबद्दल. तुम्ही आणलेलं जेराल्डीन कॉटर यांचं पुस्तक चांगलं आहे. त्या तुमच्याच काउंटीतल्या, एनिसच्या. पण तो तुमचा गुरू नको, शब्दकोश असू दे. ग्रे लार्सन यांचा जाडजूड ग्रंथ घ्यावा का असं तुम्ही विचारलंय. तो २००३ सालचा, अलंकारांची इतकी बारीक चिकित्सा दुसरीकडे क्वचितच सापडेल. दोन वर्षांनी तो तुम्हाला फार आनंद देईल. आज घेतलात तर तो वाचण्यातच तुमचे सुट्टीचे दिवस जातील. नामांकित व्हिसलवादक मेरी बर्गिन यांनी स्वतः लिहिलेले धडेही आहेत, त्यांच्याकडे कॉटरबाईंच्या पुस्तकानंतर वळा.

चाळीस व्हिडिओ पुसून टाका. यातले बरेच चांगलेही असतील. रायन डन्स या जेझुइट धर्मगुरूंचे मोफत धडे तर हजारोंनी वापरलेत, आणि ज्यांना पैसे खर्चायचे नाहीत त्यांनी तेच क्रमाने, एकाही दुसऱ्या व्हिडिओकडे न वळता करावेत असं मी सांगेन. पण चाळीस शिकवणारे म्हणजे चाळीस प्रकारचे श्वास आणि चाळीस चाली. आपल्याकडे एका घराण्यात तालीम पक्की झाल्याशिवाय दुसरं ऐकू देत नसत, त्यामागे हेच कारण होतं.

तुमच्यासाठी माझी निवड दोन वेबसाइटपैकी ऑनलाइन अकॅडमी ऑफ आयरिश म्युझिक ही आहे. तिथे धून तुकड्याने, आधी सावकाश आणि मग वेगात ऐकवतात, तोच तुकडा कितीही वेळा फिरवता येतो, आणि शिकवणारे याच परंपरेत वाजवणारे आहेत. बारा तासांची ड्यूटी करून आलेल्या माणसाला पुढचं पाऊल कुणीतरी ठरवून दिलेलं असणं ही मोठी मदत असते. तीन महिन्यांचेच पैसे भरा, वर्षाचे नकोत. तीन महिन्यांत चार धुना यायला हव्यात, जास्त नकोतच. त्या झोपेतून उठवलं तरी वाजवता आल्या पाहिजेत. नाही आल्या तर साधन बदला, त्यात अपयश काही नाही.

ड्यूटीच्या दिवशी शिट्टीला हात लावू नका, फक्त ऐका. गाडीतून जाताना-येताना आठवडाभर एकच धून. आणि मग गुणगुणा. आयर्लंडमध्ये याला “लिल्टिंग” म्हणतात: निरर्थक अक्षरांवर, डिडल-डी-डाय अशा बोलांवर, नाचाची धून तोंडाने म्हणणं. वाद्य नसेल तेव्हा लोक त्यावर नाचत, आणि आजही फ्ला क्योल या त्यांच्या राष्ट्रीय संगीतमेळ्यात लिल्टिंगची वेगळी स्पर्धा असते. गाणं शिकलेल्या माणसाला यापेक्षा सोपं दार नाही. तोंडाने चाल पक्की झाल्याशिवाय बोटं भोकांवर ठेवायची नाहीत एवढा नियम पाळा. सुट्टीच्या दिवशी वीस मिनिटं वाजवणं पुरेल.

ऐकायचं कुणाला? सुरुवातीला दोघांना. डूलिनचे मायको रसेल (१९१५–१९९४), समुद्रकाठचे छोटे शेतकरी. त्यांचं वाजवणं साधं, मोकळं, फार अलंकार नाहीत, प्रत्येक वळण कळतं. आणि मेरी बर्गिन, ज्यांची १९७९ची ध्वनिमुद्रिका ऐकून एका सबंध पिढीने शिट्ट्या विकत घेतल्या. एकाच पत्र्याच्या नळीतून किती वेगवेगळी माणसं बोलू शकतात हे दोघांना पाठोपाठ ऐकल्यावर समजतं. दोघांपैकी कोण जास्त आवडतं त्यावरून तुमचा पुढचा रस्ता ठरेल, ते मी सांगू नये.

गुरूशिवाय शिकणं खरं का, हा प्रश्न तुम्ही शेवटी, जरा संकोचून विचारलात. पण तुम्ही गुरूशिवाय आहात हे गृहीतच मला पटत नाही. तुम्ही क्लेअरमध्ये राहता! जगभरातली माणसं रजा साठवून तिथे येतात. तिथले पाइपवादक विली क्लान्सी १९७३ साली गेले, त्याच वर्षापासून मिलटाउन मलबेमध्ये दर जुलैत त्यांच्या नावाने आठवडाभराची शाळा भरते, गावातल्या घराघरांत वर्ग चालतात. कोल्टस ही आयरिश पारंपरिक संगीताची १९५१ साली स्थापन झालेली संस्था, तिचं एक केंद्र एनिसलाच आहे, कोईस ना हावना नावाचं. दर आठवड्याला जमत नसेल, तर तिथे जाऊन सरळ सांगा की ड्यूटीमुळे महिन्यातून एकदा येईन, कुणी माझे हात आणि श्वास तपासून देईल का? असा तास देणारं माणूस त्या भागात मिळेल. तीन महिने घरी शिकणं आणि मध्ये तीन वेळा जाणत्या माणसासमोर बसणं, एवढं केलंत तर बाईंनी सांगितलेली भीती राहणार नाही.

बैठकांना, ज्यांना तिथे सेशन म्हणतात, आत्ताच जायला लागा. शिट्टी घरी ठेवून. पबमध्ये एकटीने कसं जायचं, असं तुम्ही लिहिलंय. चहा किंवा सोडा मागवून तासभर बसणाऱ्या बाईकडे तिथे कुणी वळून पाहत नाही. वाजवणाऱ्यांच्या गोलात मात्र बोलावल्याशिवाय बसू नका, आणि फोनवर रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. एखादी धून आवडली तर दोन धुनांच्या मधल्या वेळात नाव विचारून ठेवा. ज्यांना हळू लयीत वाजवायचं असतं त्यांच्यासाठी “स्लो सेशन” असतात. चार धुना आल्या की तिथे शिट्टी घेऊन जा.

हे त्यांचं संगीत, मी परकी, असंही एक वाक्य पत्रात आहे. ही पत्र्याची शिट्टी मुळात इंग्लंडची. सफकच्या रॉबर्ट क्लार्कने १८४०च्या दशकात ती बनवायला घेतली आणि पुढे मँचेस्टरला कारखाना थाटला. स्वस्त होती म्हणून आयर्लंडमधल्या गरिबांच्या हाती पोचली आणि त्यांनी ती आपली केली. तुमच्या मुलीच्या दप्तरात ती आज आहे. त्यात परकं कोण?

शेजाऱ्यांची काळजी रास्त आहे, वरच्या सप्तकातला सूर भिंतीतून आरपार जातो. तोंडाजवळची जी चौकोनी खिडकी असते तिच्या एका कडेवर चिकटपट्टीचा लहान तुकडा लावा, आवाज बराच मऊ होतो. सूर मध्येच घोगरा झाला तर घाबरू नका, आत वाफेचं पाणी साचलेलं असतं. खिडकीवर बोट ठेवून जोरात एक फुंक मारा, निघून जाईल. सुरू करण्यापूर्वी शिट्टी दोन मिनिटं काखेत धरून गरम केलीत तर पाणी कमी साचेल. आणि स्वतःसाठी १०–१५ युरोंची दुसरी शिट्टी आणा, “डी”चीच. महागड्या शिट्टीने शिकणं सोपं होत नाही.

हेच प्रश्न इतर काही वाचकांनीही विचारले आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात बसून शिकणाऱ्यांना सेशन सहज मिळत नाहीत, म्हणून त्यांनी महिन्यातून एक तास तरी व्हिडिओवर प्रत्यक्ष शिक्षकाकडे घ्यावा. सोबत वाजवणं आवाज मागे पडल्यामुळे जमत नाही, पण ऐकून चुका सांगणं जमतं. ज्यांनी पाश्चात्त्य व्हायोलिन वा पियानो शिकलाय त्यांनी पहिले सहा महिने कागद कपाटात ठेवावा, त्यांना हा मोह सगळ्यात जास्त होतो. बासरीवाल्यांनी फुंक निम्म्यावर आणावी आणि गमक विसरावी. ज्यांचा कान अजिबात तयार नाही त्यांनी धुनांऐवजी महिनाभर ओळखीची बालगीतं शिट्टीवर शोधून काढावीत, त्यानेही कान उघडतो.

मुलीबद्दल शेवटी लिहिते, कारण पत्रात सगळ्यात कमी ओळी तिच्यावर आहेत आणि मला मात्र तीच सगळ्यात जवळची शिक्षिका दिसते. तिला कळू नये म्हणून तुम्ही ती शाळेत असताना वाजवता. असं करू नका. शाळेत ती स्वरांना डी, ई, एफ शार्प म्हणते, तुम्ही सरगम म्हणता. तिच्याकडून तिची नावं शिका आणि तिला तुमची शिकवा. या रविवारी केशची पहिली ओळ दोघींनी वाजवा, पण आधी लिल्टिंग करा, पायाने ठेका धरून. ती रे-ग-प वर बोट उचलायला विसरली तर लगेच सांगू नका, तिला स्वतःला ऐकू येतं का ते बघा. तुम्ही विसरलात, तर ती सांगेलच.